मुकी गाडी नात्याला निघाली

महाडहून रायगडाकडे जाणारा रस्ता नाते, कोंझर करत पाचाडला चढतो. या रस्त्यावर कोण चाललंय ते घरात बसून ओळखता येतं. एसटी खिडक्यांच्या काचांवरून कळते, मिनीडोर इंजिनावरून आणि मुंबईकर हॉर्नवरून. यंदा गणपतीच्या तोंडावर ठाण्याचे भाऊ मात्र नाते गावात आत्याच्या अंगणात येऊन उभे राहिले तरी कुणाला पत्ता लागला नाही. खरं म्हणजे त्यांनी गाडी आतून मुकी केली होती, बाहेरून नव्हे. आत्याला ऐकू कमी येतं, एवढंच. भाऊंनी श्रेय घेतलं ते घेतलंच.

गाडी मुकी करणं म्हणजे काय, हे भाऊ वडखळपासून सगळ्यांना समजावत आले होते. दाराचा पत्रा पातळ असतो, तो थरथरतो आणि त्या थरथरीचा आवाज होतो. त्यावर आतून ब्यूटाइलची चिकट, जड शीट रोलरने दाबून बसवायची. वर अॅल्युमिनियमचा पापुद्रा असतो. पत्रा हलला की मधलं ब्यूटाइल ताणलं जातं आणि थरथर तिथेच जिरते, म्हणजे तिची किंचित उष्णता होते. पूर्वी दार लावलं की तेलाचा रिकामा डबा आपटावा तसं वाजायचं, आता नुसतं ‘धप्’. प्रत्येक टपरीवर चहाला थांबलं की भाऊ चारही दारं उघडून पुन्हा लावून दाखवत.

यात एक गंमत आहे. पत्र्याची थरथर मोडायला मधला एक पट्टा चिकटवला तरी बरंचसं काम भागतं. बसवणारा कारागीर तसं म्हणालाही होता. पण भाऊंचं म्हणणं, पैसे मोजलेत तर कोपरासुद्धा उघडा ठेवायचा नाही. ही हौस पुढे नडायची होती.

कोलाडच्या पुढे भाऊंनी मोबाइलवरचं आवाज मोजायचं अॅप उघडून वहिनींच्या हातात दिलं. आकडा पूर्वीपेक्षा ३ डेसिबलने कमी आला. ‘निम्मा आवाज मेला!’ भाऊ ओरडले. ‘मला तर तेवढाच येतोय,’ वहिनी म्हणाल्या. दोघांचंही बरोबर होतं. ३ डेसिबल उतरले की ध्वनीची ऊर्जा निम्मी होते, पण कानाला निम्मं वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. शिवाय भाऊ ओरडल्यामुळे अॅपवरचा आकडा पुन्हा चढला, तो भाग वेगळा.

महामार्ग काँक्रीटचा झाल्यापासून खडखड कमी झाली आणि तिच्या जागी टायरची एकसुरी घरघर आली. ती चाकांवरच्या पत्र्यातून आणि गाडीच्या तळातून आत शिरते. दारांवर कितीही शीट चिकटवा, तिला फरक पडत नाही. त्यासाठी मडगार्डच्या आत आणि मॅटखाली जड थर लागतो, आणि दारांचं रबरी बीडिंग कुठे फाटलेलं नाही ना, हे बघावं लागतं. बीडिंग हा सगळ्यांत स्वस्त उपाय, म्हणूनच भाऊंनी तो केला नव्हता.

रोल्स-रॉइसची गोष्ट भाऊंना तोंडपाठ. ताशी ६० मैल वेगातही गाडीत सगळ्यांत मोठा आवाज घड्याळाचा, अशी जाहिरात डेव्हिड ओगिल्व्ही यांनी १९५८ साली केली होती. पुढे २०२० च्या घोस्ट मॉडेलमध्ये कंपनीने १०० किलोंहून जास्त ध्वनिरोधक माल भरला. आत इतकं सामसूम झालं की माणूस बावचळेल, म्हणून इंजिनिअरांनी एक हलका सूर मुद्दाम ठेवला. भाऊंच्या गाडीत ही सोय मागच्या सीटवरचा धाकटा करत होता. दारांची थरथर दबल्यामुळे त्याच्या वेफर्सच्या पुड्यापासून डिकीतल्या स्टीलच्या डब्यापर्यंत सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं होतं.

महाड सोडलं आणि पाऊस लागला. थोड्या वेळाने डावीकडच्या दारातून ‘डुबुक, डुबुक’ सुरू झालं. वळण आलं की पाणी पुढे, ब्रेक दाबला की मागे.

नाते गावातल्या गॅरेजवाल्या पोराने दाराखालून बोट फिरवलं आणि हसला. ‘काका, पाणी जायची भोकंच बुजवलीत की तुम्ही.’ काचेवरून उतरणारा पाऊस दाराच्या पोटात जातोच, म्हणून तळाला भोकं ठेवलेली असतात. कोपरा न सोडण्याच्या नादात तीही चिकटवून झाली होती. पोराने पट्टीने शीट खरवडली, तशी दारातून गढूळ धार लागली आणि भाऊंच्या नव्या चपला भिजल्या.

खर्च किती आला, हे आत्याने विचारलं तेव्हा भाऊंनी विषय गणपतीच्या मखराकडे वळवला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख याच नात्याचे. इथे हिशेब चुकवून सांगायला तसंही धाडस लागतं.

दुसऱ्या दिवशी मंडळी रोपवेने गडावर गेली. हिरोजी इंदुलकरांच्या हातची राजसभा २२० फूट लांब. नगारखान्यापाशी हळू बोललेलं सिंहासनाच्या जागेपर्यंत पोचतं, असं गाइड प्रत्येकाला करून दाखवतात. भाऊ सिंहासनाच्या जागेपाशी उभे राहिले, वहिनी नगारखान्याशी गेल्या आणि पुटपुटल्या, ‘खरा आकडा सांगा आता.’ शब्द न् शब्द पोचला. इथे ना बीडिंग, ना शीट! भाऊंनी वारा फार आहे, अशी खूण केली.

परतल्यावर आत्याची नजर डिकीतल्या उरलेल्या शीटवर पडली. पत्र्याची गळती बुजवायला बाजारात जी चंदेरी पट्टी मिळते, तीही अॅल्युमिनियम लावलेलं ब्यूटाइलच. पाऊस उघडताच पडवीचा पत्रा फडक्याने कोरडा करून तिने भाऊंनाच शिडीवर चढवलं. गळती थांबली. मग हातातला शेवटचा तुकडा उलटसुलट करत तिने विचारलं, ‘आवाज बंद करतं म्हणतोस ना? मंडळाच्या डीजेला एवढं पुरेल?’