मनातल्या नदीत पानवेली नसतात

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एसी हॉलमध्ये, ध्यानाच्या वर्गात, मऊ आवाजात सूचना येते: डोळे मिटा, संथ वाहणारी नदी डोळ्यांसमोर आणा. खरी गोदावरी जवळच आहे. पण तिच्यात पानवेली, आणि तिथे जायचं तर पार्किंगची मारामारी!

इगतपुरीच्या धम्मगिरीत ही चैन नाही. सत्यनारायण गोएंकांच्या या विपश्यना केंद्रात १९७६पासून शिबिरं भरतात. पहाटे ४ला घंटा, मोबाइल जमा, मौन. नवख्यांना संध्याकाळी फळं आणि चहा, बस्स. नदी नाही, कमळ नाही, देवाची मूर्तीही नाही. सुरुवातीला तर नुसता स्वतःचा श्वास न्याहाळायचा.

वर शुल्कही नाही. फुकट म्हटल्यावर कॉलेज रोडला शंका येतेच.

शिबिरातून अकराव्या दिवशी सुटलेला साधक मुंबई-आग्रा महामार्गाला लागेतो मौनाचे फायदे चार ग्रुपांवर टाकतो, आणि लगोलग विचारतो: मिसळ कुठली उघडी आहे?