मेथी दिसते, चोर दिसत नाही

मागच्या महिन्यात मोबाइलवर ई-चलन आलं. चौकातल्या कॅमेऱ्याने टिपलेला बिनहेल्मेटचा फोटो. पायाशी ठेवलेली मेथीची जुडीसुद्धा स्पष्ट. वा, शहर स्मार्ट झालं!

आठवड्याने त्याच चौकातून शेजाऱ्यांची स्कूटर चोरीला गेली. फुटेज मागायला गेलो. 'त्या बाजूचा कॅमेरा मेंटेनन्सला आहे.'

२५ जून २०१५ ला स्मार्ट सिटी मिशन सुरू झालं, ३१ मार्च २०२५ ला आटोपलं. शंभर शहरं, त्यात महाराष्ट्रातली आठ. सोलापूर तर पहिल्या विसांत. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे तिथल्या कुठल्याही घरात विचारा. कंट्रोल रूमच्या भिंतीवरचे पडदे मात्र चकाचक.

नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. झाडू मारणारी बाई कुठे, किती वेळ थांबली, सगळं वर कळू लागलं. आणि इंजिनिअरसाहेब साइटवर गेले का? त्यांच्या मनगटाचं माप बहुधा मिळालं नसावं.

अशा पाळतीला हरकत घेतली की उत्तर मिळतं: खासगीपणा जपला की नावीन्य खुंटतं म्हणे. अहो, सिग्नल जुळवायला गाड्या मोजाव्या लागतात. गाडीत कोण बसलंय ते कशाला हवं?

२०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क. डेटा संरक्षणाचा कायदा यायला २०२३ उजाडलं. त्यातलं कलम १७ वाचा. केंद्राने अधिसूचना काढली की सरकारी यंत्रणा कायद्यातून बाहेर.

कुंपणाला शेत खायची रीतसर परवानगी!

गंमत पुढेच आहे. याच कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८ बदललं. आता साहेबांबद्दल काही विचारलंत, तर 'वैयक्तिक माहिती' एवढं म्हटलं की अर्ज फेटाळायची सोय. म्हणजे खासगीपणा आहे. फक्त खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला.

अलीकडच्या बाजूने प्रश्न विचारले गेले ते टोरांटोत. तिथे गुगलच्या भावकीतली साइडवॉक लॅब्स तळ्याकाठी १२ एकरांवर स्मार्ट वस्ती उभारणार होती. २०१८ मध्ये त्यांच्याच खासगीपणाच्या सल्लागार अ‍ॅन कवुकियन राजीनामा देऊन बाहेर पडल्या. २०२० मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. कारण दिलं आर्थिक अनिश्चिततेचं. पण तोवर अडीच वर्षं तिथले लोक एकच विचारत होते: आमची माहिती नक्की कुणाची?

आपल्याकडे हे विचारून बघा. उलट प्रश्न तयार असतो. 'तुम्हाला लपवायचंय काय?'

काही नाही हो साहेब. मेथी होती.