हुंगून पाहणारा

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक बॅचमध्ये हा असतोच. बाकीचे ॲप्रनची बटणं लावत असतात, तोवर यानं मिक्श्चरच्या पुडीत नाक खुपसलेलं असतं. "नॅप्थलीन. आणि दुसरं बेन्झॉइक. या कॉलेजात दुसरं देतात काय?"

नॅप्थलीन ओळखायला रसायनशास्त्र लागत नाही, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या पुरतात. पण याच्या चेहऱ्यावर भाव असा, की लॅबमधल्या बाटल्यांवर लेबलं लावली जातात ती याच्यासारखं नाक नसलेल्यांच्या सोयीसाठी.

सरळमार्गी मुलं पावडर बायकार्बच्या द्रावणात ढवळतात. फसफसलं तर ॲसिड. गाळून घेतलेल्या पाण्यात हायड्रोक्लोरिक टाकलं की ते ॲसिड पांढरं होऊन खाली बसतं, न्यूट्रल आधीच फिल्टरपेपरवर राहिलेलं असतं. हा तेवढ्या वेळात कॅन्टीनमध्ये जाऊन येतो. पूर्ण लक्ष देऊन करतो तो एकच प्रयोग, सोडियम फ्यूजन. फ्रान्सच्या लॅसेननं १८४३ मध्ये ही टेस्ट काढली ती नायट्रोजन ओळखायला. हा ती करतो लालबुंद नळी पाण्यात फटकन फोडून शेजारचं टेबल दचकवायला.

जर्नल मात्र देखणं. पुस्तकात बेन्झॉइक ॲसिडचा मेल्टिंग पॉइंट १२२, हा लिहितो १२१. एक अंश मुद्दाम कमी, म्हणजे खरं वाटतं. अप्रामाणिकपणातली ही टापटीप मला मनापासून आवडते.

परीक्षेच्या दिवशी तो लॅबमधल्या मामांच्या अवतीभवती घोटाळतो. "मामा, चहा सांगू?" मामा बाटल्या पुसता पुसता म्हणतात, "बायकार्बमध्ये घालून बघ रे बाळा, तेच सांगेल." याला वाटतं मामा भाव खातायत. आपली कॅपिलरी तो शेजाऱ्याच्या थर्मामीटरला बांधतो, पावडर १२२ ला वितळते, आणि हा छाती काढून बेन्झॉइक लिहून मोकळा होतो. बीटा-नॅप्थॉलही १२२ च्याच आसपास वितळतं, हे नाकाला कळत नाही.

एक्स्टर्नल विचारतात, "बायकार्बनं फसफस झाली?"

"झाली सर. थोडी."

ते काही बोलत नाहीत. बर्फात ठेवलेल्या ॲनिलिनच्या ॲसिडमधल्या द्रावणात सोडियम नायट्राइट घालतात, आणि ते याच्या 'बेन्झॉइक'च्या अल्कलीतल्या द्रावणात ओततात. टेस्टट्यूब केशरी-लाल होते. त्याहून थोडे लाल याचे कान.

तरी तो पास होतो. असे लोक होतातच. पुढे एम.एस्सी., मग नेट, मग नोकरी, आणि एक दिवस तो स्वतःच एक्स्टर्नल म्हणून कुठल्यातरी कॉलेजात येतो. जर्नलात १२१ दिसलं की समोरच्या मुलाकडं रोखून बघतो. आणि "थोडी फसफस झाली" म्हणणाऱ्याचे दोन मार्क हमखास कापतो.