सहा पॉइंट चारचं काय करायचं

(रविवार सकाळ. चिंचवडचा फ्लॅट. बँकेतून निवृत्त झालेले काका पुतण्याची मार्कशीट कर्जदाराच्या सातबाऱ्यासारखी उलटसुलट तपासताहेत. मेकॅनिकल झालेला पुतण्या पोह्यातले दाणे शोधतोय.)

काका : किती म्हणालास?

पुतण्या : ६.४. दहापैकी.

काका : म्हणजे ६४ टक्के. फर्स्ट क्लास! उगाच तोंड पाडून बसलायस.

पुतण्या : तसं नसतं काका. एआयसीटीईच्या सूत्राने आधी ०.७५ वजा करायचे, मग १०ने गुणायचं. ५६.५ होतात.

काका : साडेसात टक्के गेले कुठे? टीडीएस कापला?

पुतण्या : तसंच समजा.

काका : मग जर्मनीला जा. तिथे फी नसते म्हणे.

पुतण्या : तिथलं सूत्र वेगळं. दहातून आपले गुण वजा करायचे. दहातून पासिंगचे ४ गेले की ६ उरतात, त्याने भागायचं. मग ३ने गुणायचं, वर १ मिळवायचा.

काका : (वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडत) ३.६... भागिले ६... गुणिले ३... अधिक १. दोन पॉइंट आठ? अरे, मुदतीआधी एफडी मोडली तरी एवढं नुकसान होत नाही!

पुतण्या : तिथे १ सगळ्यात वरचा, ४ म्हणजे काठावर पास.

काका : असं होय! मग आपण वरच आहोत की.

पुतण्या : मध्ये आहोत. पण अडचण ती नाही. तिथे बहुतेक ठिकाणी त्याच विषयाचे आधीचे क्रेडिट मागतात. भाषाशास्त्राला थर्मोडायनॅमिक्स चालत नाही.

काका : भाषा... काय? एमबीए ठरलं होतं ना?

पुतण्या : ते आईचं ठरलं होतं.

काका : आणि तुला हे कधी सुचलं?

पुतण्या : सेकंड इयरला, वर्कशॉपमध्ये. सर म्हणायचे फाइल, मदतनीस म्हणायचे कानस. मी त्यांचे शब्द वहीत उतरवत बसलो. तोवर माझा जॉब रिजेक्ट.

काका : तरीच ६.४.

पुतण्या : नाही, ते एम-थ्रीच्या केटीमुळे. काका, 'चावी' पोर्तुगीज आहे, ठाऊक आहे? 'पगार'सुद्धा.

काका : कुठला का असेना, मिळणार आहे का, ते सांग.

(इथे पुतण्या पाणी पितो. या प्रश्नावर सगळेच पुतणे पाणी पितात.)

काका : बरं, तुला घेणार कोण?

पुतण्या : नावाजलेली यादी बघत बसलो की झोप उडते. म्हणून मी आधी पात्रतेचा रकाना वाचतो. 'संबंधित विषयातील पदवी' दिसलं की पान बंद. 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' दिसलं की पुढे वाचायचं. सीयूईटी-पीजी आहे, तिथे प्रवेश परीक्षेचे गुण लागतात. चुकलं की एक गुण कापतात, पण जुन्या केट्या कोणी उकरत नाही. शिवाय आपलं येरवड्याचं...

काका : येरवडा? (स्वयंपाकघराकडे बघत) हळू बोल.

पुतण्या : डेक्कन कॉलेज, काका! १८२१चं. तिथे संस्कृतचा मोठा कोश चाललाय. काम १९४८ला सुरू झालं, पहिला खंड निघाला १९७६ला.

काका : झाला असेल आता.

पुतण्या : 'अ' चालू आहे.

काका : पहिलाच 'अ'?

पुतण्या : पहिलाच. मला तिथे कोणी म्हणणार नाही, की चार वर्षांची डिग्री पाच वर्षांत केली.

काका : (मार्कशीट घडी करून) ते सगळं ठीक. पण खाली कट्ट्यावर मी काय सांगू? चार वर्षं ओरडतोय, गेट दे, गेट दे.

पुतण्या : देतोय की.

काका : काय?

पुतण्या : २०२१पासून गेटमध्ये एक्सएच नावाचा पेपर आहे. त्यात भाषाशास्त्राचा विभाग आहे. स्कोअर ३ वर्षं चालतो. पुढे पीएचडी करायची झाली तर आयआयटीतही मानव्यविद्येचे विभाग आहेत.

काका : आयआयटी. (शब्द तोंडात घोळवत) भाषेसाठी आयआयटी.

(फोन वाजतो. काका उठून बाल्कनीत जातात, दार मात्र उघडंच ठेवतात.)

काका : हां, बोला जोशीबुवा... हो, हो, गेटच देतोय. आयआयटीचं बघतोय... पेपर? मेकॅनिकलचाच म्हणा ना... नाही, इंजिनाचं नाही. जिभेचं.