या आठवड्यात काय ऐकाल?

एकेक गाणं लांबवत वाजवणाऱ्या जॅम बँडच्या कट्टर भक्ताने आठवड्याची संगीतवार्ता लिहायला घेतली, की पहिली ताजी बातमी हमखास १९७७ची निघते. ८ मे, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल, ग्रेटफुल डेड या जॅम बँडची मैफल. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण थेट लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय यादीत गेलंय. तेव्हा सर्वोत्तम मैफल कोणती, हा वाद मिटायला हवा होता. पण खरा भक्त हळूच सांगणार, ‘दुसऱ्या दिवशीचं बफेलो ऐकलंत का?’

बरं, बफेलो तरी कोणतं? डेडच्या मैफली रसिकच टेप करायचे. १९८४ पासून तर बँडनेच त्यांना वेगळी जागा नेमून दिली. साहजिकच एका रात्रीच्या ढीगभर प्रती आणि प्रत्येक प्रतीचा मायक्रोफोन वेगळा. शिफारशीत निम्मी जागा त्या मायक्रोफोनलाच जाते.

फिश या दुसऱ्या जॅम बँडने २०१७ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १३ रात्री वाजवलं आणि एकही गाणं पुन्हा घेतलं नाही. थक्क व्हावं असाच पराक्रम. भक्ताची तक्रार एवढीच, की त्याचं आवडतं गाणं नेमकं त्याच्याकडे तिकीट नसलेल्या रात्री झालं.

नव्या कलाकारांसाठी तळाशी एक ओळ राखलेली असते: पोरं बरी वाजवतात, पण गाणं सहाव्या मिनिटालाच संपवून टाकतात.