नौकारोहण विधी (मावळवासीयांकरिता)

प्रस्तुत मार्गदर्शन कामशेत, मळवली, वडगाव आणि तळेगाव येथील अशा जनांसाठी सिद्ध केले आहे, ज्यांच्या हाकेच्या अंतरावर वडिवळे, पवना, शिरोता, आंद्रा असे एकाहून एक जलाशय पसरलेले असूनही जे पाणपक्षी पाहायला दीडशे किलोमीटरवरच्या भिगवणला जातात. या वर्तनास शास्त्राधार आहे. मावळातली धरणं डोंगरांच्या घळींत बांधलेली. काठावरून चार पावलं आत गेलं की पाणी खोल, लांब पायांच्या पक्ष्याने उभं राहायचं कुठे? भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं ते सपाट मुलखात. त्याचं पाणी वर चढायच्या ऐवजी आडवं पसरलं, आणि भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला गुडघाभर पाण्याचं आणि चिखलाचं एक राज्यच तयार झालं. किडे, गोगलगायी, शेवाळ, मासे, सगळं एका ठिकाणी.

ही माहिती मला आमच्या दाजींनी दिली. दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, मुक्काम कामशेत. सदर विधी त्यांच्याच आचरणावरून बेतला आहे. कोणत्या ठिकाणी त्यांचं अनुकरण करावं आणि कोणत्या ठिकाणी नेमकं उलटं करावं, हे वाचकाला ओघात कळेलच.

मुहूर्त. यासाठी पंचांग उघडू नये, वर्तमानपत्र उघडावं. ‘उजनी १०० टक्के भरले’ अशी बातमी असेल तर सोलापूरकरांनी पेढे वाटावेत आणि पक्षी पाहणाऱ्यांनी घरी बसावं, कारण तुडुंब धरणात चिखल बुडालेला असतो. पुढे पाणी सोडायला लागतात, काठ उघडे पडतात, आणि साधारण जानेवारीपासून रोहित पक्ष्यांचे थवे जमू लागतात. उजनीची टक्केवारी शून्याखालीही जाते. क्षमता ११७ टीएमसी, त्यातला अर्ध्याहून अधिक मृतसाठा, आणि निकड पडली की त्यातलंही पाणी उपसतात. उन्हाळ्यात ‘वजा’ आकडा छापून आला की इंदापूर-करमाळ्याचा ऊसवाला कपाळाला हात लावतो आणि त्याच वेळी दाजी कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावतात. हे काही बरं नव्हे. पण पाणी फारच उतरलं, पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर आलं, की दाजीही गप्प बसतात, कारण तेव्हा उन्हाने होडीत बसवत नाही. एकंदरीत फेब्रुवारी उत्तम.

प्रस्थान. पहाटे तीनला निघायचं ठरवावं, म्हणजे साडेचारला निघता येतं. रेल्वेनेही जाता येतं. दाजी जात नाहीत.

वस्त्रे मातकट असावीत, पांढरीशुभ्र किंवा भडक नसावीत. दाजींनी याकरिता लष्करी ठिपक्यांचा खास अंगरखा घेतला आहे. होडीत चढताच नावाडी त्यावर नारिंगी लाईफ जॅकेट चढवतो आणि हजार-दीड हजारांचे ठिपके अंतर्धान पावतात. जॅकेट मात्र घालावंच, आणि त्याचे पट्टे आवळावेत. पाणी गुडघाभर असलं तरी खालचा गाळ किती आहे ते त्या गाळालाच ठाऊक.

आसनव्यवस्था. सर्वांनी खाली बसावं, वजन दोन्ही बाजूंना सारखं वाटावं, आणि ‘फक्त एक मिनिट’ म्हणून कोणीही उभं राहू नये. सकाळचं ऊन पाठीशी राहील अशी होडी घ्यायला सांगावं. उन्हाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत सगळे पक्षी कावळे दिसतात. दाजींकडे अशा कावळ्यांचा मोठा संग्रह आहे.

नावाडी हा या विधीतला पुरोहित. त्याला शिकवू नये. तो मासेमारीच्या घरचा असतो, काल संध्याकाळी कोणता थवा कुठे उतरला हे त्याला माहीत असतं, आणि चित्रबलाक दाखवायचा की चमचा, की पाण्यावर स्थिर फडफडून सूर मारणारा कवड्या खंड्या, हे तो गिऱ्हाईक पाहून ठरवतो. दाजी त्याला मोबाईलवरचा नकाशा दाखवतात. तो ‘बरं’ म्हणतो आणि होडी त्याला हवी तिकडे नेतो. आम्हांला आजवर जे काही दिसलं ते या ‘बरं’मुळेच.

आता उड्डाणप्रकरण. या ग्रंथाचा गाभा हाच.

रोहित पक्षी उथळ पाण्यात मान खाली घालून, चोच उलटी करून चिखल गाळत असतो. हे त्याचं जेवण चाललेलं असतं आणि ते दिवसातला बराच वेळ चालतं, कारण एकेका घासात जीव तो केवढासा येणार. दाजींना मात्र जेवणारा रोहित नको असतो, त्यांना उडता हवा असतो. पंख उघडल्यावर आतला लाल-काळा रंग दिसतो, तोच काय तो फोटो, बाकी सगळे ‘पासपोर्ट’, असं त्यांचं मत. म्हणून ते म्हणतात, ‘दादा, जरा अजून पुढं घ्या.’ नावाडी घेतो. ‘अजून थोडं.’ आता थव्यातल्या माना एकेक करून वर येतात. मग सगळे एकाच दिशेने चालू लागतात, घाई नाही, पण चाल बदललेली. होडी थांबवण्याची ही शेवटची वेळ. यानंतर पक्षी धावत सुटतात, कारण एवढं अंग जागच्या जागी उचलत नाही. सुटलेल्या एसटीमागे धावणाऱ्या माणसासारखे ते पाण्यावर पाय आपटत पळतात आणि मग कुठे हवेत चढतात. कॅमेरा खटाखटा वाजतो. दाजी प्रसन्न होतात. अर्ध्या तासाने दुसरी होडी येते, तिच्यातही कोणाचे तरी दाजी असतातच.

अहो दाजी, त्यांनी खायचं कधी? लाल पंख मलाही आवडतात. पण सकाळभर दहा होड्या आल्या आणि दहाही होड्यांना उड्डाण हवं असलं, तर त्या बिचाऱ्यांचा दिवस नुसता व्यायामात जायचा. मोटर लांबच बंद करायला सांगा, पुढे बांबूने रेटत जाऊ द्या, माना वर आल्या की थांबा. आणि बसून राहा. दलदलीवरून भोवत्या हा शिकारी पक्षी हिंडत असतो, तो नुसता वरून गेला तरी अख्खं पाणी पंख फडफडवत उठतं. त्या उड्डाणाचा फोटो काढा की हवे तेवढे!

नासिकाविधी. भिगवणच्या पाण्याला काही दिवस वास येतो. अशा वेळी मावळकराने नाकाला रुमाल लावू नये, तो अधिकार त्याला नाही. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते, कामशेत, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. पवना दापोडीला मुळेत शिरते, मुळा-मुठा पुण्याची घाण गोळा करून पुढे भीमेतच जाते. भीमा ते सगळं उजनीत आणून ठेवते. दाजी भिगवणला नाक मुरडतात तेव्हा ते वास्तविक आपल्याच घरच्या मोरीला नाक मुरडत असतात. शिरोत्याचं पाणी तेवढं विजेसाठी खोपोलीकडे वळवलेलं आहे, ते कोकणात उतरतं, त्याचा दोष आपल्याकडे नाही. या सांडपाण्यावर शेवाळ माजतं, शेवाळावर किडे-मासे पोसतात, माशांवर पक्षी, आणि सोलापूर शहर हेच पाणी शुद्ध करून पितं. इथे विनोद सुचत नाही.

नामकरण. लांबचा प्रत्येक शिकारी पक्षी गरुड नसतो. बहुतेक वेळा ती घार असते.

इथे दाजींच्या बाजूचंही एक लिहून ठेवलं पाहिजे. पट्टकादंब ते कधी चुकत नाहीत. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडून येतात आणि थंडी सरली की परत जातात. आमच्या आईला त्यांनी होडीत धरून बसवलं होतं, घरात एकच दुर्बीण, ती तिच्या गळ्यात. ‘आई, हे हिमालयावरून उडत आलेत बरं का,’ दाजी म्हणाले. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘अगंबाई, एवढं लांबून, आणि शेतातला हरभरा खायला?’ ते हंस काठच्या शेतांत खरोखरच चरतात. त्या दिवशी दाजींनी दुर्बीण परत मागितली नाही आणि कोणाला उडवायलाही सांगितलं नाही.

भोजन. कुंभारगावात घरगुती जेवण मिळतं. चिलापी तळलेली घ्यावी, रस्सा आणि ज्वारीची भाकरी सोबत. चिलापी मूळची आफ्रिकेतली, इथे येऊन तिने गावठी माशांची जागा बळकावली आहे, तेव्हा दुसरी मागवताना संकोच करू नये. भाताची मात्र दाजींना खात्री नसते, म्हणून वडगावच्या संशोधन केंद्रात जन्मलेला इंद्रायणी तांदूळ ते डब्यातून घेऊन जातात आणि यजमानीणबाईंना शिजवायला देतात. त्या काय म्हणत असतील कोण जाणे, पण त्यांनाही चारदोन घास आवडलेले दिसले.

शेवटची सूचना. रविवारी होड्यांची जत्रा असते आणि दहाच्या आत सगळे थवे लांब सरकलेले असतात. मधल्या वारी जा, उजाडताना होडीत बसा. आणि कोणत्या दिवशी जाताय ते कृपा करून आमच्या दाजींना कळवू नका.