आर साहेब, लिलाव बंद होता

मु. पो. निफाड, जि. नाशिक

रा. रा. आर साहेब,
मूळ गाव ऑकलंड, न्यूझीलंड

स. न. वि. वि.

आमची पुतणी नाशिकला संख्याशास्त्र शिकते. आकडेमोडीची संगणकभाषा म्हणून तिने आपल्याला आमच्या लॅपटॉपवर आणून बसवले, तेव्हा पाहुण्याचा मानपान कसा ठेवावा तेच कळेना. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 1990 च्या दशकात आपल्याला घडवले आणि दोघांचे आद्याक्षर हेच आपले नाव झाले, एवढे तिने सांगितले. आपल्या एका आवृत्तीचे नाव 'पपी कप' आहे, हेही सांगितले. ते ऐकून घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याकडे जरा संशयानेच पाहिले. पण आल्या आल्या आपण पडद्यावर जाहीर केलेत की आपण फुकट आहात आणि आपली कसलीही हमी नाही. बियाण्याचा दुकानदारसुद्धा इतके स्पष्ट बोलत नाही.

एरवी आपले बोलणे बेताचेच. कंस मिटवायचा राहिला तर चूक काय झाली ते सांगायचे सोडून आपण नुसते '+' दाखवून बसता. आम्ही एंटर मारावे, आपण पुन्हा '+' दाखवावे. परीक्षा घ्यावी म्हणून देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा खेळ आपल्यापुढे टाकला. चार अंकी आकडा घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, वजाबाकी करा, पुन्हा तेच. सगळे अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात फेऱ्यांत 6174 येणारच. मास्तरांना हे सापडले तेव्हा त्यांच्यापाशी कॉम्प्युटर नव्हता. आपण सगळे आकडे पापणी लवायच्या आत तपासून दिलेत. गृहस्थ अबोल आहे पण कामाचा आहे, असे ठरले.

मग कांद्याचे काम काढले. 2023 सालचे लासलगावचे भाव वहीतून फाइलीत उतरवले: तारीख, आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण. लिलाव नव्हता त्या दिवशी, वहीत लिहितो तसेच, भावाच्या रकान्यात 'बंद' लिहिले. आणि आपल्याला विचारले, वर्षातला सगळ्यात चढा भाव कोणता?

आपण तत्काळ उत्तर दिलेत: 'बंद'.

साहेब, कांद्यातले आपल्याला इतके कळते, याची कल्पना नव्हती.

पुतणी म्हणाली, "काका, रकान्यात एक जरी शब्द आला तर तो अख्खा रकाना मजकूर धरतो. मजकुरात आकडे आधी, अक्षरं नंतर. म्हणून 'बंद' सगळ्यात वर." त्याच न्यायाने आपल्या दरबारी 900 हा 1250 पेक्षा मोठा.

तिने 'बंद'च्या जागी रिकामी नोंद केली, जिला आपण 'एनए' म्हणता. थोरल्या भावाचे मत होते की शून्य घाला. पण शून्य भाव म्हणजे माल फुकट गेला, बंद म्हणजे विचारायलाच कोणी आले नाही. हा फरक आपण पाळता, म्हणून आपल्याला एक नमस्कार जास्तीचा.

आता सरासरी विचारली. उत्तर: एनए. एक दिवस जरी रिकामा असला तरी वर्षाची सरासरी सांगायला आपण साफ नकार देता. संताप आला. पण त्या निमित्ताने रिकामे दिवस वहीत शोधले. रविवार, दिवाळी सोडून द्या. 19 ऑगस्टला केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावले, लिलाव बंद. 20 सप्टेंबरपासून व्यापाऱ्यांचा बहिष्कार; बंद. 8 डिसेंबरला निर्यातबंदी, पुन्हा बंद. सप्टेंबरात उन्हाळ कांद्याला चाळीत कोंब फुटत होते. डिसेंबरचा लाल कांदा तर चाळीत टिकतच नाही. काढला की विकावा लागतो, आणि विकायचा कुठे?

यावर आपल्याकडे तोडगा आहे, हे पुतणीने दाखवले. पुढे 'एनए-आरएम बरोबर ट्रू' असे जोडले की आपण ते दिवस गुपचूप उचलून बाहेर टाकता आणि चांगली गुटगुटीत सरासरी हातात ठेवता. ही विद्या दिल्लीने आपल्याकडून घेतली की आपण दिल्लीकडून? तिकडच्या तक्त्यांतही बंद दिवसाला भाव नसतो, म्हणून तोटाही नसतो. फरक इतकाच की 'हे दिवस काढून टाका' असे आपण आमच्याच हाताने लिहून घेता. तिकडे आम्हाला कोणी विचारत नाही.

तेव्हा विनंती अशी. आवकेप्रमाणे भार देऊन सरासरी काढायचे आपले मदत-पान वाचले, जमलेही. पण जो कांदा बाजारात पोहोचलाच नाही त्याची आवक शून्य, म्हणून भारही शून्य. कोंब फुटून उकिरड्यावर गेलेले क्विंटल कोणत्या रकान्यात भरायचे, तेवढे उलट टपाली कळवावे. मदत-पान पुन्हा पाठवू नये, ते पाठ झाले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक कांदा उत्पादक